कोई भी दस

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग संपतात आणि सायकलचे सुटे भाग सुरू होतात, तिथे एक म्हातारा निळी ताडपत्री पसरून बसतो. ताडपत्रीवर पितळी कुलपं, किल्ल्यांचे जुडगे, बंद पडलेली एचएमटीची घड्याळं, अडकित्ते, एखादी टेपरेकॉर्डरची मोटर. नाणी दोन ठिकाणी असतात. चांगली असतील ती प्लास्टिकच्या खिशांच्या वहीत, त्याच्या मांडीला लागून. उरलेली सगळी तेलाच्या कापलेल्या डब्यात. वहीतल्या नाण्याचा भाव विचारावा लागतो. डब्याचा भाव ठरलेला आहे. तो ओरडत नाही, समोरच्याने डब्यात हात घातला की नुसता पुटपुटतो, "कोई भी दस."

मी त्या डब्यात हात घालते आहे त्याला आता पंचवीस वर्षं होतील. सुरुवातीला तो "कोई भी दो" म्हणायचा, मग बरीच वर्षं पाच, आणि २०११ नंतर कधीतरी दहा. २०११ लक्षात राहायचं कारण असं, की त्या वर्षी ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने चलनातून काढून टाकली. मी तेव्हा पॉवर हाउसजवळच्या एका बँकेत कॅशला होते. शेवटच्या आठवड्यात बायका गव्हाच्या पिशव्यांमधून चार आणे घेऊन यायच्या, आणि आम्ही ते मोजत बसायचो. ज्या वेळेत पोचल्या नाहीत त्यांचे चार आणे पुढच्या रविवारपासून या डब्यात येऊ लागले. म्हणजे मी एकाच नाण्याला आठवडाभर काउंटरच्या आतून हात लावला आणि नंतर उकिडवं बसून बाहेरून.

डबा उपसायची एक रीत असते, आणि ती कोणी शिकवत नाही. आधी विचारायचं, "कका, ओतू का?" इथे म्हाताऱ्या माणसाला कका म्हटलेलं चालतं, आवडतंही. मग वर्तमानपत्रावर डबा हळूच उपडा करायचा. धाडकन ओतला तर आजूबाजूचे चार रिकामे पुरुष गोळा होतात आणि 'मॅडम काय शोधतायत' ते बघत राहतात. पहिल्या फेरीत अॅल्युमिनियम बाजूला: एक, दोन, तीन, पाच पैसे, आणि ते लाटांच्या कडेचं दहा पैशांचं नाणं. त्याचं वजन हाताला जाणवतच नाही. दुसऱ्या फेरीला चुंबक. माझ्या पर्समध्ये फुटक्या स्पीकरचा एक चुंबक असतो. १९५७ पासूनचे पंचवीस आणि १९६० पासूनचे पन्नास नये पैसे शुद्ध निकेलचे, ते टपकन चिकटतात. सत्तरच्या दशकातले तांबं-निकेल मिसळलेले, ते चिकटत नाहीत. १९८८ नंतर स्टेनलेस स्टील आलं आणि पुन्हा चिकटायला लागले. स्टीलच्या गावात राहून हे आम्हाला फार उशिरा कळलं, की नाण्यांच्या चकत्या बनवणारा सेलचा कारखाना भिलाईचा नाहीच, तो तिकडे तामिळनाडूत सेलमला आहे. भिलाई रेल्वेचे रूळ करते. खिशात मावेल असं आमच्याकडे काही बनत नाही.

तिसरी फेरी भिंगाची. सालाखाली चौकट दिसली तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. आपल्याला ओळख लागत नाही असा तिचा तोरा. या फेरीत पाय भरून येतात. बोटं काळी होतात आणि त्यांना असा वास लागतो की घरी येऊन दोनदा साबण लावला तरी पोळी खाताना तो येतोच.

डब्यात काय असतं? भोकाचा पैसा हमखास असतो. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ पासून, सरकारने पैशाच्या मधोमध भोक पाडलं. लोकांनी त्याचा वायसर केला, कारण वायसर त्याहून महाग पडायचा. आमच्या डब्यातल्या कित्येक भोकाच्या पैशांवर नटाचे वळ अजून दिसतात. कमळाचे पिवळे वीस पैसे असतात, नेपाळचं काहीतरी असतं, आखातातून परतलेल्यांच्या खिशातली मोड असते. शिवाय खोटी नाणी. राम-सीता-लक्ष्मण आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही, पण ती देवघरातून येतात, त्यांना कुंकू लागलेलं असतं, आणि विकायला आणणारा माणूस गंभीर असतो. फोनवरचे व्हिडिओ बघून लोक वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन ककाकडे येतात आणि दहा लाख मागतात. अशा भूलथापांना बळी पडू नका म्हणून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं. ककाचं पत्रक सोपं आहे. तो म्हणतो, "दस लाख होता तो मैं यहाँ बैठता?"

मी मराठी म्हणून तो माझ्यासाठी 'शिवाजी का सिक्का' बाजूला ठेवतो. बहुतेक वेळा ती झिजलेली दुदांडी शिवराई असते, म्हणजे पेशवाईतली, आणि तीही नागपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याकडून लॉटमध्ये आलेली. छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ पर्यंत होतं, त्यामुळे न वाचता येणारं कुठलंही तांबं इथे 'मराठा' म्हणून खपतं. मी घेते. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं.

खरं सांगायचं तर पैशाच्या दृष्टीने मोलाचं असं मला पंचवीस वर्षांत फारसं काही मिळालं नाही. माझी सुरुवातही त्यासाठी झाली नव्हती. मी कोपेक शोधत होते.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं, की भिलाईत कोपेक हे परदेशी नाणं नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी करार झाला, आणि चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि पुढेही कितीतरी रशियन कुटुंबं इथे राहिली. सेक्टर ७ मध्ये त्यांचं कॉम्प्लेक्स होतं, बागेला नाव मैत्री. आणि इथले लोक प्रशिक्षणाला तिकडे जायचे. रुबल देशाबाहेर न्यायला तिथे बंदी होती, पण कोटाच्या खिशाच्या तळाशी राहिलेल्या चिल्लरीला कोण विचारतो. अशी चिल्लर भिलाईतल्या घराघरांत होती, बटणांच्या डब्यांत, शिलाई मशीनच्या खणात.

आमच्याकडे ती गोळ्यांच्या एका गोल पत्र्याच्या डबीत होती. बाबा मूळचे तुमसरचे. १९६४ मध्ये इथे लागले, रेल मिलमध्ये. संध्याकाळी कारखान्यातर्फे रशियन भाषेचा वर्ग चालायचा, तिथे ते नेमाने जात, आणि १९७४ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी युक्रेनमधल्या झापोरोझ्येला पाठवलं. परतताना त्यांनी आईसाठी शाल आणली, मला लाकडी बाहुलीतली बाहुली, आणि ही डबी. आत लेनिनच्या जन्मशताब्दीचा १९७० चा रुबल, दोन-तीन बिल्ले आणि मूठभर कोपेक. दोनचा फोनला, तीनचा सरबतवाल्या सोड्याच्या यंत्राला, पाचचा मॉस्कोच्या मेट्रोला. प्रत्येक नाण्याची जागा बाबांना पाठ होती आणि ते ती मला सांगत, जणू मला उद्या मेट्रोने जायचं आहे.

पण त्यांचा जीव होता तो वजनांवर. १९६१ च्या सोव्हिएत नाण्यांत एक कोपेक बरोबर एक ग्रॅमचा, दोनचा दोन ग्रॅम, तीनचा तीन, पाचचा पाच. म्हणजे नाण्यांची नाणी आणि वजनांची वजनं. बाबांनी बूट पॉलिशच्या डब्यांची दोन झाकणं आणि एक निटिंगची सुई यांचा तराजू केला होता. पाकीट पोस्टात टाकायच्या आधी ते त्याच्यावर तोलत आणि पाच कोपेक, तीन कोपेक असं मांडत जात. पोस्टातल्या माणसाने जास्तीचं तिकीट सांगितलं तर ते हुज्जत घालत नसत, फक्त घरी येऊन पुन्हा एकदा तोलत. आई म्हणायची, एवढ्या वेळात पत्र चालत पोचलं असतं.

१९९७ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि सेक्टर ४ चं क्वार्टर सोडायचं ठरलं. क्वार्टर म्हणजे आपलं घर नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तीस वर्षांचं सामान ते विसरलेलं असतं. आम्ही वैशालीनगरला दोन खोल्यांत जाणार होतो. आईचे गुडघे गेलेले, बाबा ना-हरकत प्रमाणपत्रांच्या मागे, म्हणून सामानाचं माझ्याकडे आलं. मी एकोणतीस वर्षांची होते, बँकेतून रजा काढली होती, आणि मला ते लवकर संपवायचं होतं. मागच्या पडवीत कबाडी येऊन बसला. मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे दिले, बाटल्या दिल्या, पत्र्याचे डबे दिले. डबे उघडून बघायला हवे होते. मी हलवून बघितले. एक डबा वाजला. मला वाटलं खिळे असतील.

आठ दिवसांनी नव्या घरात बाबांनी विचारलं, "ती गोल डबी कुठल्या खोक्यात आहे?" मी म्हटलं शोधते. त्यांनी आणखी दोन दिवस वाट पाहिली असेल. मग त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी परत कधी विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. तराजूची झाकणं मात्र कशी कोण जाणे सामानात आली होती. ती बरीच वर्षं खिडकीत पडून होती.

दोन वर्षांनी, सुपेल्याच्या बाजारात ककाच्या डब्यात मला पाच कोपेकचं पिवळं नाणं दिसलं. साल १९६१. मी ते घेऊन पळतच घरी आले आणि बाबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, "असेल."

तेव्हापासून दर रविवार. कका पूर्वी स्वतःच कबाड्याची गाडी ढकलायचा, सेक्टरांमधून फिरायचा, हे कळल्यावर मी त्याला विचारलंही होतं: सेक्टर चार, सत्त्याण्णव साल, गोल डबी? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "दीदी, सेक्टर से तो सब निकला है." भिलाईतली एक अख्खी पिढी त्याच सुमाराला निवृत्त होत होती, क्वार्टर सोडत होती. ज्या घरांत कोपेक होते त्या सगळ्या घरांतून ते एकाच वेळी बाहेर पडत होते आणि फिरत फिरत त्याच्याकडे येत होते. मी चार-पाच महिन्यांतून एखादा आणायची. बाबा भिंग घ्यायचे. "असेल." एकदाही "नाही" म्हणाले नाहीत. १९८३ सालचं नाणं आणलं तेव्हासुद्धा नाही. १९८३ चं ते झापोरोझ्येहून १९७४ मध्ये कसं आणणार, हे मला घरी आल्यावर सुचलं. त्यांना पाहताक्षणी कळलं असणार.

एकदाच उलटं झालं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देशात चिल्लरीची इतकी टंचाई होती की सरकारने आपली नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली. बँकेत आम्हाला कोऱ्या पिशव्या यायच्या, पण नाणं कुठून आलं हे आम्ही कशाला बघतोय. २००३ किंवा २००४ असेल, ककाच्या डब्यात एक धड चालणारं पाच रुपयांचं नाणं निघालं. कोणीतरी दोन रुपयांच्या डब्यात पाच रुपये टाकले होते! साल २०००, आणि सालाखाली भिंगातून तीन बारीक अक्षरं दिसली: दोन एम आणि शेवटी पायांवर उभ्या घरासारखं काहीतरी. मी बाबांकडे नेलं. त्यांनी भिंगाखाली धरलं आणि ते मोठ्याने हसले. मग शाळेत उभं राहून म्हणावं तसं स्पष्ट म्हणाले, "मास्कोव्स्की मॉनेत्नी द्वोर." मॉस्कोची टांकसाळ. घरासारखं दिसणारं ते रशियन द. त्यानंतर संध्याकाळभर ते रशियन बोलत होते. आईला, गॅसवाल्याला, शेजारच्या नातवाला. ते नाणं त्यांनी खर्च करू दिलं नाही. 'आपल्या रुपयावर त्यांचं अक्षर' असं ते येईल त्याला दाखवायचे. बाबा २०११ च्या डिसेंबरात गेले. नाणं त्यांच्या पाकिटात मिळालं.

मी बाजारात जाणं थांबवलं नाही. का, हे घरात कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता ज्याला दाखवायचं तो माणूस नव्हता, म्हणून मी बाकीचं बघायला लागले. पुस्तकं आणली. वासुदेव विष्णू मिराशी आमच्या नागपूरचे. त्यांनी कलचुरी राजांचे लेख संपादून मोठे दोन भाग काढले, तेही १९५५ मध्ये, म्हणजे भिलाईचा करार झाला त्याच वर्षी. दुर्गच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे ते होते. त्यांच्याकडे बसून मी वाचत असे. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला, राजा कोण, दान काय याच्याही आधी, तो लेख सापडला कुठे ते येतं. मला पहिल्यांदा कंटाळा यायचा त्या परिच्छेदांचा. मी ते ओलांडून पुढे जायची.

२०१६ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. डब्यात त्या दिवशी तांबं जास्त होतं, हिरवं, मातीने लडबडलेलं. बहुतेक झिजून गुळगुळीत झालेले ढब्बू पैसे. त्यात एक लहान जाड तुकडा होता, पुरता गोलही नाही. मी थुंकी लावून अंगठ्याने चोळलं (हे करू नये, पण सगळे करतात). दोन ओळी वर आल्या. वरच्या ओळीत 'श्रीम' आणि खाली शेवटी 'देव'. नागरी. मागे एक आकृती, एक पाय दुमडलेला, एक हात वर, आणि पाठीमागून डोक्यावर वळलेली शेपटी.

रतनपूरच्या कलचुरींनी, जाजल्लदेव, रत्नदेव, पृथ्वीदेव यांनी, सोन्याच्या नाण्यांवर हत्तीवर झेपावणारा सिंह काढला. बिलासपूर जिल्ह्यात सोनसरीला त्यांच्या सोन्याच्या नाण्यांचा सुमारे ६०० चा ठेवा मिळाला होता. तांब्यावर मात्र त्यांनी हनुमान काढला. मी पुस्तकातल्या पानावर तो पाहिला होता. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा हनुमान माझ्या थुंकीने ओला होऊन माझ्या बोटाला लागला होता.

आता मी काय केलं ते सांगते. मी तो तुकडा चिमटीत उंच धरला नाही. तो मी तळहातात घेतला, वर दोन भोकाचे पैसे घेतले, एक कमळ घेतलं, एक नेपाळी घेतलं. मूठ उघडून ककापुढे धरली तेव्हा तुकडा सगळ्यात खाली होता. "पाँच," मी म्हटलं. त्याने बघितलंही नाही. पन्नास रुपये घेतले आणि मागून आलेल्या माणसाला कुलूप उघडून दाखवू लागला.

डबा उपसणारे सगळे असंच करतात. नागपूरच्या प्रदर्शनांत मी चांगले सुखवस्तू लोक पाहिले आहेत, दहाच्या परातीत काही दिसलं की चेहरा पाडतात, जांभई देतात, भलत्याच नाण्याचा भाव विचारतात. यात चोरी नाही. त्याने भाव सांगितला, मी तो दिला. पण मी बत्तीस वर्षं कॅशला काढली आहेत, आणि आमच्याकडे संध्याकाळी रोकड कमी निघाली तर ती चूक असते तशीच जास्त निघाली तरी चूकच असते. जास्त निघालेले दहा रुपयेही रजिस्टरला चढतात आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला द्यायचे असतात. त्या रात्री माझी रोकड जुळेना.

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात जाऊन मी काचेआडच्या नाण्यांशी मनातल्या मनात ताडून आले. मग दुर्गच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी तुकडा खिडकीजवळ नेऊन पाहिला, त्यांचाही चेहरा उजळला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "सापडलं कुठे?"

"सुपेल्याला."

"तसं नाही. जमिनीतून कुठे निघालं?"

मला सांगता येईना. ते म्हणाले, राजाचं नाव मधलं झिजलंय, ते कदाचित साफ केल्यावर लागेल, कदाचित नाही. पण एक लक्षात घ्या, रतनपूरच्या आसपास हे मिळालं तर त्यात नवल नाही. शिवनाथ नदीच्या अलीकडे, कुठल्याशा शेतात मिळालं असेल, आणि त्याच्याबरोबर आणखी पाच असतील, तर तिथे बाजार होता, माणसं या पैशाने मीठ घेत होती, असं काहीतरी बोलता येतं. आत्ता हे नुसतं छान नाणं आहे. मग त्यांनी चहा मागवला आणि सहज सांगितलं, की १८७८ चा ठेव्यांचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं असतं. दहा रुपये, मी मनात म्हटलं. १८७८ मध्ये ते कोणाचा तरी महिन्याचा पगार असतील.

पुढच्या रविवारी मी ककाला सगळं सांगितलं. नाणं समोर ठेवलं. माझी तयारी होती, तो म्हणेल ती रक्कम देण्याची. पर्समध्ये तीन हजार घेऊन गेले होते. त्याने तुकडा हातात घेतला, शेपटी दाखवली तेव्हा कपाळाला लावला, आणि परत माझ्या हातात दिला. मग हसायला लागला. "मैंने तो किलो के भाव में लिया था, दीदी. तांबा." फेरीवाल्या एका पोराकडून. ते पोर गावोगाव मोटारसायकलवर प्लास्टिकच्या बादल्या घेऊन हिंडतं आणि बदल्यात भंगार उचलतं. त्याला ज्या बाईने हे दिलं तिला एक बादली मिळाली असेल. किंवा अर्धी बादली आणि वर काही पैसे. तीन हजारांतले एक हजार त्याने शेवटी घेतले, "बजरंगबली के नाम से", आणि पुढच्या आठवड्यात मला दोन शिवराया फुकट दिल्या.

पोराला गाठायला सहा रविवार लागले. वीस-बावीस वर्षांचा, कानात वायर. तांब्याचं म्हटल्यावर त्याला वाटलं मी चोरीच्या वायरींची चौकशी करते आहे, तो उठूनच चालला होता. ककाने त्याला छत्तीसगढीत काहीतरी दटावलं. मग तो आठवायला लागला. पाऊस संपल्यावर तो कुठे कुठे गेला होता? धमधा. तिथून बेरला. एकदा बेमेतऱ्यापर्यंत. की ते पाटणचं पोतं होतं? गुंडरदेहीला मामा आहे, तिथेही जातो. "तांबा तो सब जगह से आता है, आंटी. पोते में सब मिल जाता है." पोत्यात सगळं मिसळून जातं. त्याचा यात काय दोष. मी डबी हलवून बघितली आणि दिली, त्या दुपारी आमच्या पडवीतल्या कबाड्याच्या पोत्यातही सगळं मिसळूनच गेलं असणार.

नाणं मी साफ केलेलं नाही. ते संग्रहालयाला द्यायचं हे माझं ठरलं आहे, पण देताना बरोबर जो कागद द्यावा लागेल तो अजून पूर्ण नाही. नाण्याच्या पाकिटावर पेन्सिलने पाच गावांची नावं आहेत, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. कोपेकांची पाकिटंही त्याच खणात असतात. बाबा असताना मी त्यांवर काही लिहीत नसे, नुसती एका वाटीत टाकायची. आता प्रत्येकावर लिहिलं आहे: सुपेला, रविवार, तारीख, दिलेली किंमत. एकेचाळीस आहेत. मध्यंतरी खिडकीतली ती झाकणं काढून मी निटिंगच्या सुईला टांगली आणि पाच कोपेकची दोन नाणी दोन्हीकडे ठेवून पाहिली. काटा मध्यावर थांबला.

२०२० मध्ये बाजार बंद झाला तेव्हा मला वाटलं संपलं. पण उठला तेव्हा कका होता, जरा वाळलेला, ताडपत्री नवी. डबा तोच. आणि त्याने एक नवीन गोष्ट सुरू केली होती. भंगार घेऊन कोणी आलं की तो आधी विचारतो, "कौन गाँव?" आणि नाणी निघाली तर ती डब्यात न टाकता बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घालतो, वर खडूने गावाचं नाव. त्याला हे फार गमतीचं वाटतं. इतर गिऱ्हाइकांना सांगतो, बँकवाली दीदी के लिए है, इनको गाँव चाहिए, सिक्का नहीं.

पहिला पुडा त्याने मोठ्या थाटात माझ्या हातात दिला. वर वेड्यावाकड्या अक्षरात 'धमधा'. मी तिथेच उकिडवी बसले आणि तो वर्तमानपत्रावर रिकामा केला. लाटांच्या कडेचे अॅल्युमिनियमचे दहा पैसे निघाले, तीन, आणि एक तुटकी किल्ली.

"कोई भी दस," कका म्हणाला.

मी त्याला चाळीस रुपये दिले.